पुढची गाडी दिसेनाशी झाली तर

चि. मनू,

काल तू "बाबा, मला गाडी येते" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुला गाडी येते हे मला माहीत आहे. अरुंद फाटकातून तू जशी एका दमात गाडी मागे घेतेस तशी मला आजही घेता येत नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असतो. माझं म्हणणं वेगळंच होतं. एकटीने गाडी चालवणं निराळं, आणि बारा गाड्यांच्या ताफ्यात चालवणं निराळं. ते सांगण्याआधीच माझा आवाज चढला. म्हणून हे पत्र. शनिवारी निघायच्या आधी शांतपणे वाच.

क्लबने तुला नववी जागा दिलीय म्हणालीस. जमलं तर लीड गाडीच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या गाडीच्या, लगेच मागची माग. नव्या माणसाला तिथेच ठेवावं, कारण ताफ्यात सगळ्यात जास्त ताण शेवटच्यांना पडतो. ताफा म्हणजे आगगाडी नव्हे, डबे एकमेकांना जोडलेले नसतात. समज, वळणावर सगळे ४० च्या वेगाने चालले आहेत आणि लीड गाडी तुझ्यापुढे २० सेकंदांवर आहे. म्हणजे मध्ये साधारण २२५ मीटर अंतर. वळण संपलं की लीड गाडी ८० वर जाते. तू तिथे पोचून ८० वर येतेस तेव्हा तेच २० सेकंद ४५० मीटरचे झालेले असतात. कोणी कोणाला टाकून गेलेलं नसतं, पण डोळ्यांना वाटतं की आपण मागे पडलो. मग माणूस १०० वर नेतो. ती २२५ मीटर भरून काढायला ४० सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात किलोमीटरभराहून जास्त रस्ता त्या वेगाने कापला जातो. मिळतं काय? दहा सेकंद. आणि १०० वर ब्रेक दाबलास तर गाडी थांबायला ८० च्या दीडपटीहून जास्त जागा खाते. रात्री मी हे कागदावर मांडत बसलो होतो. आई म्हणाली, तिला हे सगळं येत असेल. असेलही.

मागे पडण्याचं तुला लहानपणापासून वावडं. दादाच्या टोळीबरोबर सायकलवर जायचीस, तुझी सायकल सगळ्यात लहान. उभी राहून पेडल मारायचीस आणि डोळे त्यांच्या पाठींवर. रस्त्यावर नाहीच. हनुवटीवरची खूण त्या खडीचीच आहे. रक्त पुसताना मला म्हणालीस, "पण मी त्यांना गाठलं होतं." तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला होता की मी रागवायचं विसरलो. आता गाडी हातात आहे, आणि पुढे पुन्हा कोणाची तरी पाठ असणार आहे.

दादा मात्र प्रत्येक वळणावर पाय टेकून थांबायचा, तू दिसेपर्यंत. नीट चालणाऱ्या ताफ्याचा नियम नेमका हाच आहे: प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात सांभाळायची. ती दिसली नाही तर वेग कमी करायचा, रस्ता बदलत असेल तिथे सुरक्षित कडेला थांबायचं. मग त्याच्या पुढचाही थांबतो, आणि निरोप न देताही गोष्ट लीडपर्यंत पोचते. म्हणजे ताफा तुटू नये याची काळजी पुढच्याने घ्यायची असते. मागच्याने धावायचं नसतं. तुझं काम दहाव्या गाडीकडे बघणं. आठव्या गाडीच्या दिव्यांमागे पळणं हे तुझं काम नाही. सिग्नल लाल झाला आणि आठवी गाडी निघून गेली तर तू थांब. सगळ्यांनी पुन्हा एकत्र यायच्या जागा निघण्याआधी ठरलेल्या असतात. त्या लिहून घे, म्हणजे तुला कोणाच्याही मागे जाण्याची गरजच उरत नाही.

ओव्हरटेकबद्दल एकच सांगतो. वॉकीटॉकीवर पुढचा म्हणेल, "रस्ता मोकळा आहे, या." तो खोटं बोलत नसतो. त्याला त्या क्षणी, त्याच्या जागेवरून मोकळा दिसलेला असतो. समोरून कोणी ८० ने येत असेल आणि तूही ८० वर असशील तर पाच सेकंदांत तुमच्यामधलं २२० मीटर अंतर संपतं. तुझ्या डोळ्यांना दिसेल तोच रस्ता मोकळा. ट्रकच्या मागे दहा मिनिटं राहावं लागलं तर राहा.

पुढच्या गाडीपासून तीन सेकंद अंतर ठेव, पावसात त्याच्या दुप्पट. ८० ला तीन सेकंद म्हणजे ६५ मीटरच्या वर. एवढ्या जागेत कोणीतरी घुसणारच. घुसू दे, रस्ता त्याचाही आहे. ताफा ओळखू यावा म्हणून काही लोक चालत्या गाडीला हॅझार्ड लाइट लावून ठेवतात, ते तू करू नकोस. मग तू वळणार आहेस की नाही हे मागच्याला कळत नाही. वॉकीटॉकी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या हातात दे. टायरची हवा सकाळी, टायर गार असताना बघ. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, खालचा गिअर टाक.

बघ, पुन्हा शिकवायलाच बसलो. राग मानू नकोस. यातलं निम्मं तुला माझ्याआधी माहीत असेल.

अण्णाकाकांबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तूच एकदा विचारलं होतंस, आणि तेव्हा मी विषय बदलला. ते झोपले नव्हते, आणि वेगातही नव्हते. धुकं होतं, आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून ते चालले होते. रस्ता कुठे वळला ते त्या दिव्यांना माहीत असेल असं त्यांना वाटलं. एवढंच. वहिनी त्यानंतर कधी पुढच्या सीटवर बसल्या नाहीत.

धुकं लागलं तर दिव्यांमागे जाऊ नकोस. रस्ता दिसेल तेवढाच वेग ठेव, आणि अजिबात दिसेनासं झालं तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला, पेट्रोल पंपासारखी जागा बघून थांब. बाकीचे पुढे गेले तर जाऊ देत. तुझ्यासाठी कोणी थांबलं नाही, तर तो क्लब तुझ्या लायकीचा नाही असं मी समजेन. मागे पडलीस असं नाही समजणार.

आणि हो, तू जातेस याचा मला आनंद आहे. तुझ्या वयात माझ्यात ही हिंमत नव्हती. बोनेट उघडून आत काय चाललंय ते सांगणारी मुलगी आमच्या घरात जन्मली याचं आप्पांना केवढं कौतुक होतं, तुला आठवतंय ना?

स्टेपनीची हवा मी मागच्या वेळी बघितली होती, तरी तू पुन्हा बघ. प्रथमोपचाराची पेटी आईने भरून ठेवलीय, ती डिकीत तळाशी टाकू नकोस, हाताशी ठेव. चालवताना फोन घेऊ नकोस, माझाही नाही. थांबशील तेव्हा मैत्रिणीला एक ओळ टाकायला सांग. शिवाय ताफ्यातली शेवटची गाडी जो चालवणार आहे, त्याचा नंबर मला पाठवून ठेव. मी त्याला फोन करणार नाही. नुसता जवळ असू दे.

तुझा,
बाबा