आधी रशेस, मग सिद्धांत

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या वर्गातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी स्वतः केलेल्या फिल्मसोबत जोडलेली विश्लेषणं वाचली. मुलांनी मेहनत घेतली आहे, वाचनही केलं आहे. पण जवळजवळ प्रत्येक निबंध सिद्धांतकाराच्या व्याख्येपासून सुरू होतो, दोन पानं तीच व्याख्या चालते आणि शेवटी फिल्ममधला एखादा प्रसंग तिच्याखाली आणून ठेवलेला असतो. अशा निबंधात फिल्म बदलली तरी निबंध तसाच राहतो. क्रम उलटा केला तर हीच मुलं फार चांगलं लिहितील, असं मला मनापासून वाटतं.

विद्यार्थ्याची फिल्म तपासताना आपल्या हाती एक गोष्ट असते, जी गाजलेल्या सिनेमावर लिहिणाऱ्याला सहसा मिळत नाही. ती म्हणजे रशेस, शूटिंगमध्ये टिपलेलं सगळं न कापलेलं चित्रण. किती टेक घेतले, कोणता ठेवला, कोणता टाकला, हे सगळं हार्ड डिस्कवर पडलेलं असतं. माध्यमांचे बहुतेक सिद्धांत शेवटी निवडीबद्दल बोलतात: हेच का दाखवलं, असंच का दाखवलं. त्या निवडीचा पुरावा रशेसमध्ये असताना मुलं फक्त तयार फिल्म पाहून अंदाज बांधतात, हे मला फार खटकतं.

सुरुवात शॉटनोंदीने करायला सांग. त्यासाठी संकलकाकडून मूळ एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फिल्मची मूळ फाइल घ्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली प्रत चालत नाही, कारण दाबलेल्या प्रतीत अंधारातले बारकावे आणि हलके आवाज सगळ्यात आधी जातात. स्प्रेडशीटमध्ये एका शॉटला एक ओळ: क्रमांक, सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड (फिल्ममधली नेमकी वेळ), लांबी, शॉटचा आकार, कॅमेऱ्याची उंची, हालचाल, कोण कुणाकडे पाहतं आहे आणि काय ऐकू येतं आहे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, त्यामुळे कट नेमका कुठे आहे ते सापडतं. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप कट शोधण्याची सोय आहे, पण डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र हळूहळू दुसऱ्यात विरघळतं ते, तिच्यातून निसटतात आणि कॅमेरा झटक्यात फिरला किंवा दिवा लागला की ती नसलेला कट दाखवते. तिची यादी डोळ्यांनी तपासावीच लागते. मोबाइलवरच्या रशेसमध्ये फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, बऱ्याचदा बदलता असतो, मग लांब टेकमध्ये आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकतात. तुलना करण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून सगळं सेकंदाला स्थिर 25 फ्रेमवर आणून घेतलेलं बरं.

समज, फिल्म श्रेयनामावली वगळून 8 मिनिटांची, म्हणजे 480 सेकंदांची आहे आणि शॉट 96 आहेत. सरासरी 5 सेकंद. पण त्यातला एकच शॉट 70 सेकंदांचा असेल, तर उरलेल्या 95 शॉटची सरासरी 4.3 वर येते. म्हणून सरासरीसोबत मध्यकही (शॉट लांबीच्या क्रमाने लावले की मधोमध येणारी लांबी) काढायला सांग, आणि तो 70 सेकंदांचा शॉट बाजूला काढून त्यावर स्वतंत्र लिहायला लाव. चित्रपटांचे अभ्यासक बॅरी सॉल्ट यांनी 1970 च्या दशकात अशी मोजदाद रूढ केली ती पुष्कळ चित्रपट एकमेकांशेजारी ठेवून. एका छोट्या फिल्मचा आकडा एकटा फारसं काही बोलत नाही. त्याच फिल्मच्या आतले दोन प्रसंग एकमेकांशी ताडून पाहायला मात्र तो उत्तम.

फिल्मच्या आतली ही तुलनाच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चित्रपट-सिद्धांतकार लॉरा मल्वी यांचा 1975 चा पुरुषी नजरेवरचा, म्हणजे पडद्यावर स्त्री ही पुरुषाने पाहायची गोष्ट म्हणून दाखवली जाते यावरचा, निबंध घे. मुलं तो हमखास घेतात आणि ‘फिल्ममध्ये स्त्रीपात्र आहे, कॅमेरामन मुलगा आहे, म्हणून पुरुषी नजर’ इतक्यावर थांबतात. मल्वी तीन नजरा वेगळ्या करतात: चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याची, पाहणाऱ्या प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडे पाहण्याची. त्यांचा मुद्दा असा की अभिजात हॉलिवूड कथापटात पहिल्या दोन नजरा तिसरीत लपवल्या जातात. हे तपासायचं तर मोजता येण्यासारख्या गोष्टी आहेत. कोणतं पात्र पाहतं आणि लगेच पुढचा शॉट त्याला दिसणाऱ्या गोष्टीचा येतो? अशा जोड्या कुणाच्या वाट्याला किती? चेहऱ्याशिवाय नुसते हात, पाय, पाठ असे शॉट कुणाचे? संवाद एकाचा चालू असताना कट दुसऱ्यावर जातो तो कुणावर?

आता एक कल्पित पण अगदी ओळखीची फिल्म घेऊ. दोन खोल्यांचं घर, आई आणि मुलगा. मुलाला नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायचं आहे आणि तो ते सांगू शकत नाही. आई स्वयंपाकघरात दिसते ती कायम दारातून, पाठमोरी. ‘आईला वस्तूसारखं दाखवलं आहे’ असं कुणीतरी लिहिणार. पण स्वयंपाकघर आठ बाय सहा फुटांचं असेल आणि कॅमेरा म्हणजे मोबाइलची मुख्य लेन्स असेल, तर ओटा आणि माणूस एकत्र चौकटीत बसवायला दाराशिवाय जागाच उरत नाही. इथे मुलं दोन टोकांना जातात. एक गट म्हणतो, जागा नव्हती म्हणून विश्लेषण करायला काही नाही. दुसरा गट जागेचा विचारच करत नाही. मला दोन्ही अपुरं वाटतं. अडचण हे कारण झालं, पण पडद्यावर जे उमटलं त्याचा परिणाम प्रेक्षकावर व्हायचा तो होतोच. दोन्ही गोष्टी लिहायच्या, पण वेगवेगळ्या वाक्यांत.

आणि मग रशेस उघडायच्या. त्याच स्वयंपाकघरात आईचा ओट्याच्या बाजूने घेतलेला क्लोज-अप सापडला आणि संकलनात तो वापरला नाही, असं दिसलं, की मुद्दा जागेचा उरत नाही. ती निवड झाली. शिवाय मुलाची खोलीही तेवढीच लहान असून तिथे मात्र समोरासमोरचे शॉट, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, असं असेल तर फिल्मनेच आपल्याला तुलना हातात दिली आहे. मल्वींचं नाव इथे घ्यावं. तेही त्यांची चौकट कुठे बसत नाही हे सांगून, कारण त्यांनी लिहिलं ते कामुक दृश्यसुखाबद्दल, फ्रॉइड आणि लाकां या मनोविश्लेषकांच्या आधाराने. आईच्या पाठमोऱ्या चौकटीत ते सुख नाही. घर कुणाच्या नजरेतून पाहिलं जातं हा प्रश्न आहे. एवढं सांगू शकणाऱ्या मुलाला सिद्धांत कळला.

तांत्रिक दोषाला अर्थ चिकटवण्याची सवयही मोडायला हवी. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. जुन्या ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर 1/60 सेकंदावर असेल तर चित्रात उजेडाच्या लाटा दिसतात; 25 फ्रेम आणि 1/50 ठेवलं की त्या जातात. त्या लाटांवर ‘नायकाची आंतरिक अस्वस्थता’ म्हणून परिच्छेद लिहिलेला आढळला, तर आधी बाकीच्या ट्यूबलाइटच्या शॉटमध्ये लाटा आहेत का ते पाहायला सांग. सगळीकडे असतील तर तो शटरचा मामला आहे.

ध्वनीकडे तुझ्या बहुतेक मुलांनी पाहिलेलंच नाही, आणि विद्यार्थ्यांच्या फिल्म सगळ्यात जास्त पडतात त्या ध्वनीतच. मिशेल शिआँ या फ्रेंच अभ्यासकाची एक रीत वर्गात अर्ध्या तासात करून घेता येते. साधारण 90 सेकंदांचा एक प्रसंग निवडायचा. आधी आवाज बंद करून नुसतं चित्र पाहायचं आणि काय दिसलं ते लिहायचं. मग पडदा झाकून नुसता आवाज ऐकायचा आणि काय ऐकू आलं ते लिहायचं. शेवटी दोन्ही एकत्र. तिसऱ्या वेळी जे ‘चित्रात दिसलं’ असं वाटतं, पण पहिल्या कागदावर नाही, ते आवाजाने आणलेलं आहे. याला शिआँ वाढीव मूल्य म्हणतात: आवाजाने दिलेला अर्थ आपल्याला चित्राचाच वाटतो. नुसत्या आवाजाच्या फेरीत दोष उघडे पडतात. प्रत्येक कटला मागची शांतता बदलते, कारण खोलीचा रिकामा आवाज कुणी वेगळा रेकॉर्डच केला नव्हता. पंखा एका बाजूच्या शॉटमध्ये आहे, उलट्या बाजूच्या शॉटमध्ये नाही. आणि हे झाकायला पियानोचं फुकट मिळणारं संगीत अंथरलेलं असतं.

त्याच प्रसंगावर तीन-चार अगदी वेगळी संगीतं चढवून पाहणं हीदेखील शिआँ यांचीच रीत. आई ताट वाढते आहे. एका संगीतावर ती दुःखी वाटते, दुसऱ्यावर तिला सगळं आधीच ठाऊक आहे असं वाटतं, तिसऱ्यावर चक्क भीती वाटते. अभिनय तोच, कट तेच. हे पाहिल्यावर ‘अभिनयातून दुःख व्यक्त होतं’ असं वाक्य लिहिताना मुलाचा हात आपोआप थांबतो.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी 1964 मध्ये जाहिरातीच्या चित्राबद्दल लिहिताना सांगितलं की शब्द चित्राच्या अनेक अर्थांतला एक पक्का बांधून ठेवतात. निवेदन आणि फिल्मचं नाव यांना हे नेमकं लागू पडतं. निवेदनासकट एका गटाला आणि निवेदन काढून दुसऱ्या गटाला फिल्म दाखवायची. दोन्हीकडून सारखीच उत्तरं आली तर ते निवेदन चित्राचीच पुनरुक्ती करत होतं.

इथूनच संस्कृती आणि माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांच्याकडे जाता येतं. दूरचित्रवाणीवरच्या त्यांच्या 1973 च्या मांडणीत प्रेक्षकाच्या तीन भूमिका आहेत: मांडलेला अर्थ स्वीकारणारी, वाटाघाटीची (काही मानणारी, काही नाकारणारी) आणि विरोधी. तुझ्या मुलांनी एकाही माणसाला न विचारता या तिन्ही भूमिका स्वतःच वाटून टाकल्या आहेत. फिल्मच्या युनिटबाहेरच्या सहा-आठ जणांना फिल्म दाखवावी, त्यात पालकांच्या वयाचे दोघे तरी असावेत. ‘कळली का?’ असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. ‘काय झालं ते सांगा’ म्हणावं आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. इथे एक गफलत वारंवार होते. ज्याला गोष्ट समजलीच नाही, त्याचं वाचन विरोधी ठरत नाही. विरोधी वाचन करणाऱ्याला फिल्मचं म्हणणं पुरतं कळलेलं असतं आणि तो ते नाकारतो. ‘मुलगा स्वार्थी आहे, त्याची बाजू घ्यायचं मला काही कारण दिसत नाही’ असं म्हणणारी मावशी विरोधी वाचन करते आहे. ‘तो मुलगा आहे की भाडेकरू?’ असं विचारणारा काका संकलनातली चूक दाखवतो आहे.

प्रॉप आणि तोदोरोव या कथेच्या रचनेवर लिहिणाऱ्या दोघांना या वर्षापुरतं बाजूला ठेव. प्रॉप यांनी 1928 मध्ये 31 कार्यं, म्हणजे कथेत पात्रांकडून घडणाऱ्या ठरावीक कृती, मांडली ती रशियन परीकथांवरून. आई-मुलाच्या आठ मिनिटांत ‘खलनायक’ शोधत बसलं की शेवटी कंपनीचं ऑफर लेटर खलनायक होतं. तोदोरोव यांचं संतुलन, बिघाड आणि नवं संतुलन जवळपास प्रत्येक गोष्टीला बसतं, म्हणून ते बसलं हे सांगून फारसं काही कळत नाही. बिघाड कितव्या सेकंदाला येतो, एवढं मात्र जरूर नोंदवावं. 480 पैकी 200 सेकंद पात्रपरिचयात गेले असतील तर फिल्म का रेंगाळते याचं उत्तर तिथे असतं.

माहितीपट करणाऱ्या दोन गटांना अभ्यासक बिल निकल्स यांनी सांगितलेले माहितीपटाचे सहा प्रकार दे, पण अख्ख्या फिल्मला एक शिक्का नको. प्रत्येक मुलाखतीत प्रश्न ऐकू येतो की कापला आहे, बोलणारा लेन्समध्ये पाहतो की बाजूला, एवढं तपासलं तरी पुरे. विचारणाऱ्याचा आवाज ठेवला की फिल्म सहभागी प्रकाराकडे झुकते, कापून निवेदन घातलं की समजावून सांगणाऱ्या प्रकाराकडे. रशेस मात्र त्याच.

निबंधाला हजार शब्द असतील तर दोनपेक्षा जास्त संकल्पना घेऊ देऊ नकोस, आणि शॉट पाच-सहाच. प्रत्येक दाव्यामागे टाइमकोड हवा. व्याख्येला दोन वाक्यं, त्याहून जास्त नाही. गुण देताना सिद्धांत कुठे अपुरा पडला हे सांगणाऱ्या परिच्छेदाला वेगळे गुण ठेव, म्हणजे मुलं तो लिहितील. तोंडी परीक्षेत त्यांनी टाकलेला एक टेक पडद्यावर लाव आणि विचार, हा ठेवला असता तर तुझ्या निबंधातलं कोणतं वाक्य बदलावं लागलं असतं? ज्याने स्वतःची फिल्म खरोखर तपासली आहे त्याला ते वाक्य सापडतं.

पुढच्या तुकडीला रशेस जपून ठेवायला आत्ताच सांग. शूट संपलं की कार्ड पुसून दुसऱ्या गटाला दिली जातात. निकाल लागेपर्यंत दोन हार्ड डिस्कवर प्रती असाव्यात, आणि फाइलच्या नावात दृश्य, शॉट आणि टेकचा क्रमांक असावा. शॉटनोंदीचा रिकामा तक्ता उद्या मेलने पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत