आई, त्या पायऱ्या मी चढून आले

पणजी, मळा
मंगळवार, रात्री साडेनऊ

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी पत्र लिहायला बसले आहे. फोनवर तुम्ही विचारता, पोचलीस का, जेवलीस का, दाराला कडी लावलीस का. मी तिन्हीला हो म्हणते आणि फोन ठेवते. गेल्या आठ दिवसांतलं जे सांगायचं होतं ते त्या तीन 'हो'मध्ये मावलं नाही. शिवाय एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली आहे. ती सांगितल्याशिवाय घरी यायचं नाही, असं ठरवलं आहे.

आई, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला आठवत नसेल. मी सहावीत होते. दरवर्षीसारखे आपण कोल्हापुराहून रात्री निघालो होतो. पहाटे कवळ्याला शांतादुर्गेचा अभिषेक, तुझी ओटी, दुपारचा महाप्रसाद, की लगेच परतीची वाट. त्या वर्षी ड्रायव्हरला काही काम होतं म्हणून गाडी पणजीवरून गेली. बाबांना डुलकी लागली होती. तू काचेला कपाळ लावून म्हणालीस, "ते पायऱ्या-पायऱ्यांचं पांढरं देऊळ कुणाचं ग?" कुणीच काही बोललं नाही, गाडी वळली आणि ते मागे पडलं. नंतर कितीदा तरी आपण कवळ्याला गेलो, पण गोवा म्हणजे आपल्याला गाडीच्या काचेतून जेवढा दिसला तेवढाच.

ते चर्च आहे, आई. मेरी मातेचं. 1541 साली तिथे लहानसं चॅपल होतं, आताची इमारत 1619 ची. समोरचे जिने दोन्ही बाजूंनी वर येतात, मधल्या चौथऱ्यावर भेटतात, पुन्हा बाजूला होतात आणि वरच्या चौथऱ्यावर परत भेटतात. वर टांगलेली मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. तो मठ ओस पडून ढासळला, तेव्हा ती इकडे आणून 1871 मध्ये बसवली. पहिल्याच सकाळी मी वर जाऊन बसले. खाली बाग, रिक्षा, दुकानांची शटरं उघडतानाचा आवाज. शेजारी एक म्हातारी बाई जपमाळ हातात घेऊन दम खात होती. तिने माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकटींच आयल्यां?" मी मान हलवली. तिने सरकून मला सावलीत जागा दिली.

'एकटीच?' हा प्रश्न इथे मला रोज पाच-सहा वेळा विचारतात. त्याचंच तुम्हाला सांगायचं आहे.

मी राहते ते घर मळ्यात आहे, फोंतेन्हास या जुन्या वस्तीला लागून. मागे आल्तिन्हो टेकडी, समोर खाडी. घरमालकीण तुझ्याच वयाच्या. घरात कोकणी बोलतात, सकाळी मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, आणि संध्याकाळी दिवा लावून 'शुभं करोति' म्हणतात ते अगदी आपल्या चालीत. पहिल्या दिवशी तो आवाज स्वयंपाकघरातून आला तेव्हा मी जिन्यावर थांबूनच राहिले. सकाळी सहाला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, पों-पों भोंपू वाजवत. त्याच्या गरम पोईवर, इथल्या गोल पावावर, कोंडा असतो, हाताला लागतो. ती पातळ भाजीत बुडवून खायची. बाबा, तुमच्या दातांना चालेल.

फोंतेन्हासमध्ये पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं आहेत, आणि प्रत्येकापुढे कुणीतरी फोटो काढत उभं असतं. लोक परक्यांच्या पायरीवर बसतात, खिडकीत डोकावतात. एका दारावर हाताने लिहिलेली पाटी होती: कृपया इथे फोटो काढू नका. मी तिथे एकही फोटो काढलेला नाही, त्यामुळे तुम्हाला दाखवायला काही नाही. आत माणसं राहतात, त्यांचे कपडे वाळत असतात, कुणाचं तरी आजारपण चालू असतं. मी रोज त्या गल्लीतून नुसती चालत गेले. चौथ्या दिवशी तिथल्या शिंप्याने ओळखीचं हसून मान हलवली, मला तेवढं पुरलं.

बाबा, तुम्ही शाळेत 1946 चा धडा शिकवायचात, डॉ. लोहियांनी 18 जूनला मडगावात सभा घेऊन पोर्तुगिजांचा बंदीहुकूम मोडला तो. पणजीतल्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्याचं नाव '18 जून रस्ता' आहे. लोक तिथे काजू आणि चपला घेत असतात. मी त्या पाटीखाली उभी राहून तुम्हाला फोन लावला होता, तुम्ही झोपला होतात. ज्या मैदानावर ती सभा झाली तेही पाहावं, म्हणून मी मडगावला गेले, आणि जे लपवलं ते तिथलंच आहे.

मडगावात एक रात्र राहायचं होतं. फोनवरून खोली ठरवली होती, आगाऊ पैसेही पाठवले होते. लोहिया मैदान पाहिलं, जुना बाजार फिरले, आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला लॉजवर पोचले. काउंटरवरच्या माणसाने माझ्या मागे पाहिलं. "बरोबर कोण आहे?" कुणी नाही म्हटल्यावर त्याने रजिस्टर मिटलं. "एकट्या लेडीजना देत नाही." मी आधारकार्ड दाखवलं, पैसे पाठवल्याचा मेसेज दाखवला. त्याने पैसे परत केले, मोजून. आवाज चढवला नाही, वाईट काही बोलला नाही. मी बेचाळीस वर्षांची आहे, बँकेत वीस माणसांचं काम बघते, आणि त्या काउंटरसमोर माझा गळा दाटून आला. शेजारी उभा असलेला एक एकटा पुरुष सही करून किल्ली घेऊन गेला.

बाहेर अंधार पडला होता. तेव्हाच तुमचा फोन आला, बाबा. "सगळं ठीक ना?" मी हो म्हणाले. मी तेव्हा बसस्टँडकडे झपझप चालत होते. रस्त्याच्या उजेडाच्या बाजूने, पिशवी पुढे घेऊन, आईने शिकवलं तशी. पणजीची कदंबची, म्हणजे इथल्या सरकारी बसची, शटल मिळाली. बायकांच्या सीटवर एक नर्स होती, ड्यूटी संपवून निघालेली. मी काही सांगितलं नव्हतं, पण माझा चेहरा बघून तिने विचारलं, "बरं नाही का?" मग मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीला इंटरव्ह्यूला आली होती तेव्हा असंच परत पाठवलं होतं." पणजीला उतरल्यावर माझी रिक्षा ठरेपर्यंत ती थांबली. मळ्यात फाटक उघडं होतं. मालकिणीला मी बसमधून कळवलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अगो, जेवलीस काय?" आणि भात, सोलांची कढी, तळलेला बांगडा पुढे ठेवला.

मी हे लपवलं कारण तुम्ही म्हणाला असतात, ये निघून. आणि त्या रात्री मी खरंच निघून आले असते.

दुसऱ्या दिवशी मी दिवाडी बेटावर गेले. तो दिवस तुम्हाला सावकाश सांगते.

पणजीहून जुन्या गोव्याला बस जाते, रायबंदरवरून. तिथे व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ मांडवीच्या धक्क्यावर उतरायचं. फेरीबोट येते ती लोखंडी फळी पुढे टाकत. आधी साखळ्या खडखडतात, मग ती फळी काँक्रीटच्या उतारावर धप्पकन टेकते आणि स्कूटर एकदम सुटतात. पायी माणसाला तिकीट नाही. बसायला जागा थोडी, बहुतेक जण कठड्याला टेकून उभे. कुणाच्या पिशवीत पालेभाजी, एका मुलाच्या हातात पतंगाएवढा एक्स-रेचा लिफाफा. नदीवर जलपर्णीचे पुंजके वाहत होते. इंजिनाची धडधड पायांतून पोटापर्यंत येते.

पलीकडे भात कापून मोकळी झालेली खाचरं, बगळे, आणि टेकडीवर पिएदादचं चर्च. मी चालत निघाले, तर मागून स्कूटरवर एक बाई आल्या. "खंय वता?" नार्वेला, म्हटलं. "एकटींच?" हो. "बस मागे." त्या अंगणवाडीत शिकवतात. वाटेत त्यांनी मला सांगितलं की लग्नाला चोवीस वर्षं झाली, फेरी रोज ओलांडतात, पण एकट्या पणजीच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत. त्यांना म्हैसूरचा राजवाडा बघायचा आहे, दिवे लावलेला. त्यांनी मला गाडीचं विचारलं, लॉजचं विचारलं, रात्री भीती वाटते का विचारलं. मी मडगावचंही सांगितलं. नार्वेला जाणाऱ्या दुसऱ्या फेरीच्या धक्क्यावर सोडताना त्यांनी माझा नंबर घेतला.

आई, बायका मला 'एकटीच?' विचारतात ना, त्यानंतर त्या स्वतःचंच काहीतरी सांगतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलं विकणारीने सांगितलं, बसमधल्या नर्सने सांगितलं, चर्चच्या पायरीवरच्या म्हातारीनेही सांगितलं की तिचा नवरा बोटीवर असताना ती एकटी मुंबईला त्याला भेटायला जायची. तुम्ही दोघं, मावशी, मी अशी गाडी भरून आपण आलो असतो, तर यातलं कुणी माझ्याशी बोललं नसतं. मला हट्टाने एकटीलाच जायचं असतं ते यासाठी.

नार्वेचं सप्तकोटेश्वराचं देऊळ झाडीत आहे. बाबा, हा देव मूळचा दिवाडीचा, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. त्याच कदंबांचं नाव आजच्या सरकारी बसवर आहे. आधी बहामनींच्या काळात देऊळ पाडलं गेलं, ते पुन्हा उभं राहिलं. मग सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडलं. तेव्हा लिंग नदीपलीकडे आणून इथे स्थापलं. मी ज्या पाण्यावरून फेरीने आले, तेच पाणी. आपली शांतादुर्गाही केळशीहून अशीच कवळ्याला आली, हे आजी सांगायची, पण ते नदी ओलांडणं म्हणजे काय हे मला त्या फळीवर उभं राहून कळलं.

आणि दारावर लेख आहे, बाबा. शके 1590, म्हणजे 1668. श्रीशिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा आरंभ. अक्षरं देवनागरी, दगडात खोदलेली, मी बोट न लावता एकेक मोठ्याने वाचलं, तुम्ही आम्हाला फळ्यावर वाचायला लावायचात तसं. महाराज इथे होते, या ओढ्याकाठी, हे तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. 'शिव' वाचलं आणि पुढचं दिसेना, डोळे भरून आले. देवळाची दुरुस्ती होऊन 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं आहे. दीपमाळ उभी आहे. दुपारी तिथे मी आणि एक कुत्रं, एवढेच होतो.

आता तुमच्या काळजीचं. मडगावची ती रात्र सोडली तर अंधार पडायच्या आत मी मुक्कामी असते. कुठे चालले ते मालकिणीला सांगून निघते, आणि दादाच्या फोनवर माझं लोकेशन चालू असतं. एकटीने कुठे जायचं झालं तर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवाल्याबरोबर जाते; त्यांना इथे पायलट म्हणतात, परवाना असतो. राहण्याची जागा ठरवताना आता फोनवर पहिलं वाक्य हेच, 'मी एकटी आहे, चालेल?' मडगावानंतर हे शिकले. ते विचारायला लागतं याचा राग येतो, तो राग मी सोडलेला नाही. त्या लॉजला पत्रही लिहिलं आहे. उत्तर नाही आलं.

आई, तुझे गुडघे लक्षात ठेवून मी सगळं बघत होते. चर्चच्या पायऱ्या तुला जमणार नाहीत, पण खालच्या बागेतून ते पूर्ण दिसतं, आणि तिथे बाक आहेत. फेरीला मात्र पायरीच नाही. उतारावरून थेट फळीवर, फळीवरून बोटीत. जानेवारीत मला चार दिवस रजा आहे. कवळ्याला अभिषेक झाला की या वेळी दुपारी परत फिरायचं नाही. नार्वेला रस्त्यानेही जाता येतं, बाबांना लेख वाचायचा असेल तर गाडी अगदी जवळ जाते, पण मी म्हणते फेरीनेच जाऊ. मालकीण म्हणाल्या, खालची खोली तुम्हा दोघांसाठी ठेवते.

म्हापशाची सोलं आणि माडाचा गूळ घेतला आहे. गुरुवारी रात्री निघते, शुक्रवारी पहाटे पोचेन. बाबा, स्टँडवर येऊ नका, थंडी असते. मी रिक्षाने येईन.

तुमची,
माई