व्हाइट वाइनची तुलना : सदस्यांना सूचना

येत्या शनिवारी सायंकाळी ७ वाजता नेहमीच्या ठिकाणी शार्डोने, सोव्हिन्यों ब्लां आणि रीसलिंग यांची तुलना होईल. बाटल्या कापडी पिशव्यांत झाकलेल्या असतील आणि सर्वांची गुणपत्रके जमा होईपर्यंत कोणतेही नाव उघड केले जाणार नाही.

वाइन सुमारे १० अंश सेल्सियसला दिली जाईल, कारण ती फार थंड असल्यास सुगंध दबतो आणि दोषही लपतात.

• कृपया अत्तर लावून येऊ नये. एकाच्या अत्तरानेही सर्वांचे परीक्षण बिघडते.
• गुण लिहून होईपर्यंत मत बोलून दाखवू नये. ऐकलेल्या मताचा प्रभाव चवीवर नकळत पडतो, म्हणून हा नियम आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो.
• घोट थुंकण्यासाठी भांडी ठेवलेली असतील. तरीही कोणीही स्वतः वाहन चालवत परतू नये.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवावे.