ऑस्करच्या जुन्या यादीत खऱ्या लेखकांची नावेही छापावीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ऑस्कर पुरस्कारांवर आलेला लेख वाचला. हल्लीच्या पुरस्कारांभोवती प्रचारमोहिमा, मेजवान्या आणि जाहिराती यांचा जो सुळसुळाट झाला आहे, त्यावरील लेखकाची टीका रास्तच आहे. मात्र तुलनेसाठी दुसऱ्या महायुद्धानंतरची दहा-पंधरा वर्षे ‘निखळ गुणवत्तेचा काळ’ म्हणून पुढे केली आहेत, भारतीय पुरस्कारांनी त्या काळाचा कित्ता गिरवावा असे सुचवले आहे आणि सोबतच्या चौकटीत त्या वर्षांच्या विजेत्यांची यादी जशीच्या तशी दिली आहे, याला माझी हरकत आहे. त्या काळात उत्तम चित्रपट निघाले, याबद्दल वाद नाही. पुरस्कारांचा कारभार मात्र तितका निर्मळ नव्हता, आणि आपल्या चौकटीतील पटकथा व कथा या विभागांमधील निदान चार नोंदी वाचकाची दिशाभूल करणाऱ्या आहेत.

पुरस्कार देणारी अकादमी १९२७ साली स्थापन झाली ती मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचे प्रमुख लुई बी. मेयर यांच्या पुढाकाराने, आणि कामगार संघटनांना स्टुडिओच्या फाटकाबाहेरच थोपवून धरावे हा त्यामागील एक हेतू होता. पुढे अकादमीने ते काम सोडले, तरी सोहळ्याचा खर्च बड्या कंपन्याच उचलत राहिल्या आणि मतदारांपैकी बहुतेकांची रोजीरोटी त्याच कंपन्यांच्या हाती राहिली. नट-नट्या सात-सात वर्षांच्या कराराने बांधलेल्या असत. नाकारलेल्या भूमिकेपायी झालेल्या निलंबनाचा काळही त्या मुदतीत वाढवून घेतला जाई. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड यांनी याविरुद्ध आपल्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीला न्यायालयात खेचले आणि १९४४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांना पहिले ऑस्कर मिळाले ते त्यानंतर, आणि तेही पॅरामाउंट या दुसऱ्या कंपनीच्या चित्रपटासाठी. ज्याच्याकडून पगार घ्यायचा त्याच्याच चित्रपटाविरुद्ध मत द्यायचे, हे धैर्य प्रत्येक मतदाराकडे असेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, मग मतपत्रिका लेखापरीक्षकांनी कितीही चोख मोजलेल्या असोत.

पैसा कोणाचा, या प्रश्नाला १९४९ साली उघड तोंड फुटले. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटनिर्मिती आणि चित्रपटगृहे एकाच मालकीत ठेवण्याच्या पद्धतीवर घाव घातला होता आणि तिकीटविक्रीही घसरणीला लागली होती. बड्या कंपन्यांनी त्या वर्षीच्या सोहळ्याला पैसे देण्याचे नाकारले. काटकसर हे कारण पुढे केले गेले. पण लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा ‘हॅम्लेट’ आणि ‘द रेड शूज’ हे ब्रिटिश चित्रपट नामांकनांत झळकल्याने आपल्याच खर्चाने परक्यांचा गौरव कशाला, अशी भावना त्यामागे असल्याचे तेव्हाही बोलले गेले. सहा हजारांहून अधिक आसनांच्या श्राइन सभागृहातून तो सोहळा अकादमीच्या स्वतःच्या, हजाराहूनही कमी आसनांच्या नाट्यगृहात आला, आणि तिथे ‘हॅम्लेट’ हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवणारा पहिला बिगर-अमेरिकी चित्रपट ठरला. (वेशभूषेचे पुरस्कार दिले गेले तेही प्रथमच, याच आटोपशीर सोहळ्यात, कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना १९८३ मध्ये मिळालेले ऑस्कर याच विभागातले.) चार वर्षांनी काही कंपन्यांनी पुन्हा हात आखडता घेतला, तेव्हा एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणी कंपनीने एक लाख डॉलर मोजून प्रक्षेपणाचे हक्क घेतले आणि १९ मार्च १९५३ रोजी सोहळा पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर दिसला. ज्या माध्यमाने चित्रपटगृहे ओस पाडली असे स्टुडिओवाले म्हणत, त्याच माध्यमाच्या पैशावर त्यांचा सोहळा तगला. आज ज्या बाजारूपणाबद्दल लेखकाला खंत वाटते, त्याचे मूळ तो ज्या काळाला आदर्श मानतो त्याच काळात आहे.

तरीही पैशाची बाब मी क्षम्य मानतो. नावांची बाब मानत नाही.

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने हॉलिवुडमधील कम्युनिस्टांचा शोध सुरू केला. समितीच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे नाकारणाऱ्या दहा जणांवर संसदेच्या अवमानाचा ठपका आला, आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जमलेल्या निर्मात्यांनी या दहांना काम न देण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे ही काळी यादी वाढतच गेली. लेखणी चालवणाऱ्यांना एक पळवाट मात्र उरली होती, ती म्हणजे टोपणनावाने किंवा दुसऱ्याच्या नावाआड लिहिणे. निर्मात्यांना ही गोष्ट ठाऊक असे आणि सोयीचीही वाटे, कारण अव्वल दर्जाचे लेखन त्यांना पडत्या भावात मिळत होते.

या दहांपैकी पटकथालेखक डाल्टन ट्रम्बो तुरुंगात जाऊन आले. ‘रोमन हॉलिडे’ची कथा त्यांची, पण पडद्यावर नाव आले ते त्यांचे मित्र इयान मॅक्लेलन हंटर यांचे, आणि १९५४ चे ऑस्करही हंटर यांच्याच नावे जाहीर झाले. तीन वर्षांनी एक मेक्सिकन मुलगा आणि त्याचा बैल यांची गोष्ट सांगणाऱ्या ‘द ब्रेव्ह वन’च्या कथेला पुरस्कार मिळाला. लेखक म्हणून ‘रॉबर्ट रिच’ असे नाव पुकारले गेले, पत्नीच्या बाळंतपणासाठी तो रुग्णालयात असल्याचे मंचावरून सांगण्यात आले आणि त्याच्या वतीने मूर्ती दुसऱ्याने स्वीकारली. रॉबर्ट रिच हे निर्मात्यांच्या भाच्याचे नाव होते. लेखक होते ट्रम्बो. यातील विसंगती अशी की, समितीपुढे उत्तरे न देणाऱ्याला पुरस्कारास अपात्र ठरवणारा नियम अकादमीने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केला होता आणि मार्च संपण्यापूर्वीच अजाणता तो मोडला होता.

काळ्या यादीतील पटकथालेखक मायकेल विल्सन यांची कहाणी मला याहून बोलकी वाटते. मार्च १९५२ मध्ये ‘अ प्लेस इन द सन’च्या पटकथेसाठी त्यांना, सहलेखकासह, स्वतःच्या नावाने ऑस्कर मिळाले. १९५७ मध्ये ‘फ्रेंडली पर्स्युएशन’च्या पटकथेला नामांकन होते, पण लेखकाच्या नावाऐवजी तो नियमानुसार अपात्र असल्याचा शेरा होता. म्हणजे पटकथा गुणवान ठरली, ती लिहिणारा मात्र नाही. १९५८ मध्ये ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेचे ऑस्कर मूळ कादंबरीचे फ्रेंच लेखक पिअर बूल यांच्या नावे गेले, जे इंग्रजीत लिहीत नसत, ती पटकथा विल्सन आणि काळ्या यादीतीलच कार्ल फोरमन यांनी लिहिली होती. सहा वर्षांत एकाच माणसाला अकादमीने आधी नावानिशी गौरवले, मग नाव पुसून नामांकन दिले आणि शेवटी त्याचा पुरस्कार दुसऱ्याच्या हाती ठेवला. त्याचे लेखन या सहा वर्षांत खालावले नव्हते, हे अकादमीच्याच मतांवरून दिसते.

जानेवारी १९५९ मध्ये तो अपात्रतेचा नियम रद्द झाला. त्या वर्षी ‘द डिफायंट वन्स’च्या पटकथेच्या पुरस्कारात नेथन ई. डग्लस हे नाव आले, तेही नेड्रिक यंग यांचे टोपणनाव होते. दुरुस्त्या फार सावकाश झाल्या. ‘द ब्रेव्ह वन’ची मूर्ती ट्रम्बो यांच्या हाती १९७५ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी आली. ‘रोमन हॉलिडे’ची १९९३ मध्ये त्यांच्या पत्नीला मिळाली. विल्सन आणि फोरमन यांचा हक्क १९८४ मध्ये मान्य झाला, तेव्हा त्यांच्या मूर्ती स्वीकारायला कुटुंबीयच उरले होते.

कित्ता गिरवण्याविषयी थोडेसेच लिहितो. ‘फिल्मफेअर’चे पहिले पुरस्कार २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात दिले गेले आणि ‘दो बिघा जमीन’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. धोबी तलावाचे हे चित्रपटगृह मेयर यांच्याच कंपनीने १९३८ मध्ये उभारलेले होते. त्यानंतर चारच दिवसांनी हॉलिवुडच्या पँटेजेस नाट्यगृहात ‘रोमन हॉलिडे’च्या कथेसाठी हंटर यांचे नाव वाचले गेले. आपल्याकडचे पुरस्कार निर्दोष होते असे मी म्हणत नाही. परंतु ज्या सोहळ्यात पुरस्कार दुसऱ्याच्याच नावे जात होते, तो आदर्श म्हणून सांगताना निदान ही बाजू वाचकांपुढे यायला हवी होती.

त्या काळातील प्रत्येक निकाल संशयास्पद होता, असे लेखकाने मान्य करावे अशी माझी अपेक्षा नाही. युद्धकाळात लष्करी प्रशिक्षणातील स्फोटात दोन्ही हात गमावलेल्या हॅरल्ड रसेल यांना ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’साठी मिळालेल्या गौरवाबद्दल आजही कोणाची तक्रार नसावी. माझा आग्रह चौकटीपुरता आहे. आगामी अंकात तिची सुधारित आवृत्ती छापून ‘रोमन हॉलिडे’ आणि ‘द ब्रेव्ह वन’ यांच्या कथांपुढे डाल्टन ट्रम्बो, ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेपुढे मायकेल विल्सन व कार्ल फोरमन आणि ‘द डिफायंट वन्स’च्या पटकथेपुढे हॅरल्ड जेकब स्मिथ यांच्यासह नेड्रिक यंग ही नावे द्यावीत, आणि मूळ घोषणेतील नावे त्याखाली तळटीप म्हणून ठेवावीत, ही विनंती. आपली पुरवणी शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जपून ठेवली जाते आणि विद्यार्थी तिच्यातील याद्या टिपून घेतात, म्हणून हे पत्र लिहिले.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
पुणे