टेरिअरची पारख जखमांवरून नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कामाच्या टेरिअर कुत्र्यांविषयी, म्हणजे बिळात शिरून शिकार हुसकावणाऱ्या लहान चणीच्या कुत्र्यांविषयी, बोलताना त्यांच्या आक्रमकतेचेच कौतुक होते आणि तोंडावरचे व्रण अभिमानाने मिरवले जातात, हे मला मनापासून खटकते. इंग्लंडमधील डेव्हनचे पाद्री जॉन रसेल यांनी १८१९ मध्ये ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेऊन जो वाण पुढे जोपासला, त्याचे काम कोल्ह्याला बिळात ठार मारण्याचे नव्हते, तर भुंकून, सतावून त्याला बाहेर काढण्याचे होते.

बिळाच्या काळोखात मालकाचा इशारा उपयोगी पडत नाही. वाट किती अरुंद आहे, समोरचा प्राणी उलटेल की निसटेल, मागे सरावे की जागा धरून भुंकत राहावे, हे सारे त्या एवढ्याशा जिवाला एकट्याने ठरवावे लागते. त्याच्या अखंड भुंकण्यावरूनच वरच्या माणसाला नेमके कुठे खणायचे ते कळते. दात रोवून बसलेल्या कुत्र्याचे तोंड बंद होते आणि तो कुठे अडकला आहे, याचा थांगच लागत नाही.

उंदीर मारतानाही तेच. जाणता टेरिअर एक झटका देऊन उंदीर टाकतो आणि लगेच दुसऱ्याकडे वळतो. उंदरांना हुसकण्यासाठी बिळात सोडलेल्या फेरेट या मुंगसासारख्या पाळीव प्राण्याला मात्र तो तोंड लावत नाही. केवळ चिडखोर कुत्र्याला हा विवेक शिकवणे फार कठीण, म्हणून पैदाशीसाठी नर-मादी निवडताना आधी त्यांची समज पाहावी, अशी माझी पाळणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक श्वानप्रेमी वाचक