सूचना : गुरुवारी १२ फेब्रुवारीला लिंकन जयंतीची सुट्टी

सप्रेम नमस्कार मंडळी,

गुरुवारी, १२ फेब्रुवारी २०२६ रोजी अब्राहम लिंकन यांची जयंती. ही सुट्टी आपल्या इलिनॉय राज्याची आहे, केंद्राची नाही. त्यामुळे राज्य सरकारची कार्यालयं बंद, पण टपाल नेहमीप्रमाणे येणार. ड्रायव्हिंग लायसन्सचं काम त्या दिवशी ठेवू नका. मागे एकदा आमचे तिघे जण बंद दाराला हात लावून परत आले होते! शाळांचं मात्र प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं, कॅलेंडर बघाच. सोमवारची, १६ तारखेची प्रेसिडेंट्स डेची सुट्टी वेगळी, ती देशभर.

शिवजयंतीच्या नाटुकल्याची तालीम गुरुवारीच संध्याकाळी, ठरल्या वेळी होईल. सुट्टी आहे म्हणून दांडी नको.

मुलांना सुट्टी असेल तर स्प्रिंगफिल्डचा विचार करा. लिंकन यांच्या मालकीचं एकमेव घर तिथे आहे. १८६५च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात त्यांना गोळी घातली, आणि दफन याच गावी, ओक रिज दफनभूमीत झालं. समाधीबाहेरच्या लिंकन यांच्या ब्राँझच्या मस्तकशिल्पाचं नाक लोकांनी चोळून चोळून सोन्यासारखं चकचकीत केलंय. निघण्याआधी वेळा तपासा. थंडी कडाक्याची असते.

कळावे,
चिटणीस