समुद्री टाकीत मासे किती? लाईट गेलेल्या रात्री मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती समुद्री मत्स्यालयावर पानभर मजकूर आला, तो आवडीने वाचला. मात्र खालच्या चौकटीत ‘दर गॅलनला एक इंच मासा’ असा हिशोब दिलाय, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा हिशोब गोड्या पाण्यातल्या बारक्या माशांसाठी कोणीतरी अदमासे काढलेला आहे. समुद्री टाकीला तो लावला तर मासे मरतात. माझे मेले आहेत.

मी उद्यमबागेत लेथचे काम करतो. मासा लांबीला तिप्पट झाला की अंगाने सत्तावीस पट होतो, हे गोल शाफ्टचे वजन काढणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. एक इंचाचे तीन मासे आणि तीन इंचाचा एक मासा यांचे खाणे, घाण आणि श्वास कधीच सारखे नसतात.

माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. कागदावर ती १९० लिटरची, म्हणजे ५० गॅलनची होते. वाळू आणि खडक घालून, वरून चार बोटे सोडून भरली तेव्हा पंधरा लिटरच्या दहाच बादल्या पाणी मावले. म्हणजे १५० लिटर. चौकटीतल्या हिशोबाने या टाकीत पन्नास इंच मासे चालले असते. माझ्याकडे तेव्हा नऊ होते आणि सगळ्यांची लांबी मिळून वीस इंचही भरत नव्हती. “मामा, टाकी रिकामी दिसतीया, अजून चार बसतील की,” असे दुकानदाराने सांगितले होते. माशांच्या घाणीतून पाण्यात होणारे अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट सगळे तपासून बघितले होते, काही वावगे नव्हते.

गेल्या आषाढात एका रात्री वाऱ्यापावसात सव्वाअकराला लाईट गेली. पहाटे साडेपाचला उठलो तर उरलेले मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. पाच मेलेले. त्यात सगळ्यात मोठा मासा, निळा टँग, होता, बहुतेक तोच आधी गेला.

कारण मला नंतर उमगले. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात प्राणवायू साधारण एक पंचमांश कमी विरघळतो. त्यात आपले बेळगाव ७५० मीटर उंचावर. इथे हवेचा दाब कमी, म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावरच्या टाकीपेक्षा आपल्या टाकीत आणखी आठ-नऊ टक्के कमी. दिवसा प्रवाळांच्या अंगातले शैवाल उजेडावर प्राणवायू तयार करते. रात्री ते बंद पडते, आणि मासे, प्रवाळ, खडकातले जिवाणू सगळेच एका पाण्यातून श्वास घेतात. पंप चालू असला की पाण्याचा पृष्ठभाग हलत राहतो आणि हवा आत शिरते. पंप थांबला की शिल्लक आहे त्यावरच पहाट गाठायची. बाटलीतल्या रसायनाने केलेल्या तपासणीत यातले काहीच दिसत नाही.

म्हणून माझे मत असे की, आपल्या गल्लीत पावसाळ्यात एका रात्रीत जास्तीत जास्त किती तास लाईट जाते ते आधी वहीत लिहावे आणि तेवढे तास निभतील एवढेच मासे ठेवावेत. आता माझ्याकडे चार आहेत: दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक ब्लेनी. पूर्ण वाढले तरी तेरा-चौदा इंच होतील. यंदा बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप लावून सहा तास काढले. मी उशाशी टॉर्च घेऊन कल्ल्यांची उघडझाप बघत होतो, ती शेवटपर्यंत संथ होती. निळा टँग पुन्हा आणणार नाही. दुकानात तो दोन इंचाचा दिसतो, वाढून फूटभराचा होतो आणि त्याला पोहायला लांब पल्ला लागतो. नवीन टाकीत महिना-दीड महिना घाण पचवणारे जिवाणू रुजू द्यावेत, मग महिन्याला एकच मासा सोडावा.

प्रवाळांचीही गर्दी होते, याबद्दल पुरवणीत एक अक्षर नाही. मी लेदर कोरल हे मऊ प्रवाळ झोअँथिड या बटणासारख्या बारक्या प्रवाळांपासून चार बोटांच्या अंतरावर ठेवले होते. आठ महिन्यांत त्याने झोअँथिडवर सावली धरली आणि निम्मे झोअँथिड मिटून गेले. लेदर कोरलसारखी प्रवाळे पाण्यात रसायने सोडून शेजाऱ्याला मागे रेटतात. आता दोघांत वीतभर जागा सोडतो आणि ती रसायने शोषून घेणारा फिल्टरमधला कार्बन वेळेवर बदलतो. झोअँथिडला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये, काहींच्या अंगात जबर विष असते.

आणि खडकासारखे कठीण सांगाडे करणारी प्रवाळे? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती वाघाच्या पंक्तीला आहेत. मालवणला सुट्टीला जाऊन बाटलीत तुकडा घालून आणलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किनाऱ्यावरून उचलून आणलेल्या प्रवाळांची घरच्या टाकीतली संख्या शून्यच असली पाहिजे.

आपली पुरवणी खानापूर-निपाणीपर्यंत जाते आणि ती वाचून पोरे टाकी घेतात. त्या चौकटीची दुरुस्ती कृपया मृगाचा पाऊस लागायच्या आत छापावी, आणि प्रत्येक माशाच्या फोटोखाली त्याची पूर्ण वाढलेली लांबी द्यावी.

आपला नियमित वाचक,
अनगोळ, बेळगाव